दागिना नैसर्गिक, पण डहाळीवर काय उरले?

शाळांच्या प्रदर्शनांत एक टेबल हमखास पाहायला मिळते. त्यावर बियांच्या माळा असतात, कोशाच्या कोषांची फुले असतात, मोरपिसांचे पंखे, बांबूची कर्णफुले आणि कधी लाखेच्या बांगड्याही असतात. वर पाटी असते : 'निसर्गातून अलंकार'. परीक्षक येतात, वस्तू हातात घेऊन पाहतात आणि गुण देतात. रंगसंगतीला काही, सफाईला काही, कल्पकतेला काही. आणि 'नैसर्गिक साहित्य वापरले' म्हणून आणखी काही. प्लॅस्टिकचे मणी ओवलेल्या माळेला हे शेवटचे गुण मिळत नाहीत.

आमचा आक्षेप या शेवटच्या गुणांना आहे. मुलांच्या कष्टांना नाही, शिक्षकांच्या हेतूलाही नाही. उलट ज्या मुलाने माळेसाठी रानातून बी शोधून आणले, त्याने झाड ओळखले, शेंग कधी पिकते ते पाहिले, टरफल किती कठीण ते बोटांनी अजमावले. ही विज्ञानशिक्षणातली मोठीच कमाई आहे. पण त्या मुलाला आपण जो निष्कर्ष शिकवतो, तो तपासून पाहिला पाहिजे. 'वस्तू नैसर्गिक आहे, म्हणून ती पर्यावरणाला धरून आहे' हा तो निष्कर्ष. विज्ञानाच्या दृष्टीने यातले 'म्हणून' चुकीचे आहे.

गोंधळ काही अंशी भाषेतूनही येतो. 'टाकाऊतून टिकाऊ' हा आपला आवडता उपक्रम आहे. त्यात 'टिकाऊ' म्हणजे लवकर न मोडणारे. परंतु वस्तू टिकणे वेगळे आणि वस्तूचा उगम टिकणे वेगळे. एखादी माळ पन्नास वर्षे टिकेल; पण ती ओवताना रानातला वेल संपला असेल, तर ती टिकाऊ म्हणायची कशी? उलट फुलांचा गजरा संध्याकाळी कोमेजतो, पण वेलीवर दुसऱ्या दिवशी कळ्या असतात. वस्तू हातात असते, उगम रानात असतो, आणि आपले परीक्षण हाताशीच थांबते.

एक गाव डोळ्यांसमोर ठेवू

चर्चा हवेत राहू नये म्हणून एक ठिकाण निवडू. भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यात, मध्य प्रदेशच्या सीमेला लागून बपेरा हे गाव आहे. बावनथडी आणि वैनगंगा या नद्यांचा हा प्रदेश. मुख्य पीक धानाचे. धानाच्या बांध्यांच्या धुऱ्यांवर पळस आणि बोर, आणि तालुक्याच्या जंगलपट्ट्यात साग, ऐन (विदर्भात याला येन म्हणतात), मोह आणि बांबू. वर सांगितलेल्या टेबलावरच्या बहुतेक वस्तूंचा कच्चा माल अशाच परिसरातून येतो. बपेऱ्याच्या शाळेतील मुलाला तो विकत आणावा लागणार नाही.

याच तालुक्यात डोंगरी बुजुर्ग आणि चिखला येथे मँगॅनीजच्या खाणी आहेत. मँगॅनीजचे खनिज पूर्णपणे नैसर्गिक आहे. त्यात माणसाने घडवलेले काहीच नाही. त्यापासून काळपट तपकिरी रंगही करता येतो. पण खाणीतून काढलेला ढेकूळ पुन्हा तेथे उगवत नाही. 'निसर्गातले' आणि 'पुन्हा येणारे' हे दोन वेगळे गुण आहेत, हे समजवायला तुमसरच्या मुलांना याहून जवळचे उदाहरण नको. पळसाचे पान वर्षाला नवे येते, बांबूचा कोंब पावसाळ्यात फुटतो, ऐनाच्या झाडाला कापण्याजोगे लाकूड यायला कित्येक वर्षे लागतात आणि मँगॅनीज येतच नाही. चारही गोष्टी नैसर्गिकच.

तेव्हा विचारायचा प्रश्न हा : जे घेतले ते किती वेगाने भरून येते, आणि ते भरून यावे एवढे मागे ठेवले काय? अडचण अशी की तयार दागिन्यावरून याचे उत्तर बहुधा कळत नाही. बपेऱ्याच्या परिसरातल्या तीन वस्तू घेऊन ही अडचण तपासू. एक वस्तू स्वतःचा पुरावा अंगावर बाळगते, दुसरीचा पुरावा कापून टाकता येतो आणि तिसरीचा वितळून जातो.

पुरावा बाळगणारा कोष

भंडारा जिल्हा कोशाच्या कापडासाठी ओळखला जातो. मोहाडी तालुक्यातील आंधळगावचे विणकर त्यासाठी प्रसिद्ध आहेत. कोशाचा, म्हणजे टसर रेशमाचा किडा (अँथेरिया मायलिट्टा) ऐन आणि अर्जुन यांच्या पानांवर वाढतो. पूर्व विदर्भात ढिवर समाजाची कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या त्याचे संगोपन करीत आली आहेत. अळी स्वतःभोवती कोष विणते, आत तिचा कोशित होतो आणि पुढे पतंग बाहेर येतो. टसरचा कोष कठीण असतो. बाहेर पडताना पतंग तोंडाकडून एक विकर सोडतो. ते रेशमाच्या धाग्यांना चिकटवून ठेवणारे प्रथिन विरघळवते, धागे सैल होतात आणि पतंग त्यांना बाजूला सारून वाट काढतो. अशा रेशीम-पतंगांतील हे विकर १९६४ साली शास्त्रज्ञांनी ओळखले.

ज्या कोषातून पतंग निघून गेला त्याला भोक पडलेले असते. त्यातून सलग धागा निघत नाही. कापडासाठी म्हणून कोष आधी उष्णता देऊन आतला जीव मारावा लागतो. भोक पडलेला कोष जाडेभरडे सूत कातायला जातो किंवा मातीमोल ठरतो.

आता प्रदर्शनाच्या टेबलाकडे वळू. कोषांच्या माळेत कोणते कोष सुंदर दिसतात? अखंड, गोटीदार, बिनभोकाचे. परीक्षक सफाईला गुण देतात, म्हणून मुले तसेच कोष शोधतात. भोक असलेला कोष कोणी घेतलाच तर भोकात मणी बसवून ते झाकले जाते. आमच्या मते ही निवड नेमकी उलटी आहे. दागिन्याला सलग धाग्याची गरज नाही. विणकराला निरुपयोगी असलेला कोषच दागिन्याला पुरेसा आहे. शिवाय ते भोक म्हणजे पतंग जिवंत बाहेर गेल्याची खूण आहे. त्याने पुढे अंडी घातली की नाही ते भोक सांगत नाही, हे मान्य. पण घालण्याची संधी त्याला मिळाली, एवढे निश्चित सांगते. जी वस्तू आपला इतिहास स्वतः सांगते, तिचा इतिहास मण्याने झाकणे ही कलेच्या दृष्टीनेही चूकच.

कापडासाठी जीव मारतात म्हणून विणकरांना दोष देण्याचे कारण नाही. संगोपनात बियाण्याचे कोष वेगळे राखलेले असतात, आणि त्यांतून पुढची पिढी येते. प्रश्न रानात आपोआप लागलेले कोष वेचण्याचा आहे. तेथे बियाणे राखणारा कोणी नसतो. सगळेच वेचले तर सगळेच गेले.

कापून टाकता येणारा पुरावा

मोराची पिसे दर वर्षी पावसाळा ओसरताना गळतात आणि नवी येतात. गळलेले पीस उचलल्याने मोराचे काही बिघडत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मोराला संरक्षण दिले. गळलेली पिसे देशात बाळगण्याला त्यात सूट आहे, परदेशी पाठवण्याला मात्र मनाई आहे. नियम योग्य तत्त्वावर उभा आहे : प्राण्याने टाकलेले घ्यावे, त्याच्या अंगावरचे घेऊ नये.

फरक ओळखायचा कसा? आपोआप गळलेल्या पिसाचे मूळ स्वच्छ, कोरडे असते. उपटलेल्या पिसाच्या मुळाशी रक्ताचा अंश राहू शकतो. म्हणजे पुरावा आहे; पण तो पिसाच्या अगदी टोकाशी आहे, आणि पंखा बांधताना नेमके तेच टोक कापून मुठीत बसवले जाते. पंखा तयार झाला की 'गळलेल्या पिसांचा' हे शब्द केवळ विक्रेत्याच्या सांगण्यावर उरतात. यातून एक धडा घेण्यासारखा आहे. साहित्य शाश्वत रीतीने गोळा केले की नाही, हे कारागिराच्या हाती येण्याआधी तपासावे लागते, नंतर नाही.

वितळून गेलेला पुरावा

तिसरी वस्तू लाखेची बांगडी. तिच्याकडे जास्त वेळ थांबू, कारण भंडारा-गोंदिया भागाशी तिचे नाते जुने आहे आणि तिच्यात शिकवण्यासारखे पुष्कळ आहे. रसेल आणि हिरालाल यांनी मध्य प्रांतातील जातीजमातींवर १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात लाखेच्या बांगड्या करणाऱ्या लखेरा समाजाची स्वतंत्र नोंद आहे. भंडारा तेव्हा त्याच प्रांतात होता. गोंदिया ही लाखेची जुनी बाजारपेठ, आणि १ मे १९९९ पर्यंत गोंदिया भंडारा जिल्ह्यातच होते.

लाख हा झाडाचा डिंक आहे असे पुष्कळांना वाटते. ते खरे नाही. लाख हा एका चिमुकल्या कीटकाचा स्राव आहे. पाटण्याच्या जेम्स केर यांनी १७८१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात या कीटकाचे वर्णन केले. त्यांच्याच नावावरून या कीटकाच्या प्रजातीला 'केरिया' हे नाव मिळाले. पळस, बोर आणि कुसुम (कोशिंब) हे त्याचे मुख्य आश्रयवृक्ष.

लाखकिड्याची पिल्ले अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतात. आईच्या कवचातून ती हजारोंनी बाहेर पडतात, कोवळी डहाळी शोधतात, तिच्यात सोंड खुपसतात आणि तेथेच स्थिरावतात. मादी पुन्हा कधी हलत नाही. तिचे पायही पुढे नाहीसे होतात. ती झाडाचा रस शोषते आणि अंगातून राळेसारखा पदार्थ सोडते. शेजारशेजारच्या माद्यांचे स्राव एकमेकांत मिसळून डहाळीभोवती खडबडीत कवच तयार होते. नर मादीशी संयोग करून थोड्याच दिवसांत मरतो. मादी त्यानंतर मोठी होते आणि बहुतेक लाख याच काळात देते. शेवटी ती कवचाच्या आत अंडी घालते, पिल्ले निघतात आणि मादी मरते. मागे राहते ते रिकामे घर. एक किलो लाखेसाठी लागणाऱ्या कीटकांचे अंदाज पन्नास हजारांपासून तीन लाखांपर्यंत दिले जातात.

पळसावर आणि बोरीवर वाढणाऱ्या प्रकाराला रंगीनी म्हणतात. त्याची वर्षाला दोन पिके येतात. जून-जुलैत लावलेले कतकी पीक ऑक्टोबर-नोव्हेंबरात तयार होते. तेव्हा लावलेले बैसाखी पीक पुढच्या जून-जुलैत तयार होते, म्हणजे त्याला आठ महिने लागतात. लावायचे कसे? पिल्ले बाहेर पडायच्या बेतात असलेल्या डहाळ्या तोडून नव्या झाडाच्या फांद्यांना बांधतात. ही बीजलाख. पिल्ले नव्या झाडावर गेली की बांधलेल्या डहाळ्या तीन आठवड्यांच्या आत काढून घेतात. या रिकाम्या लाखेला फुंकी म्हणतात. डहाळ्या तशाच ठेवल्या तर लाख आणि लाखकिडे खाणाऱ्या पतंगांच्या अळ्या त्यांतून नव्या पिकात शिरतात.

आता कळीचा मुद्दा. बैसाखी पीक तयार होते पावसाच्या तोंडाशी. पण शेतकऱ्याला पैसा हवा असतो त्याआधी, एप्रिल-मे महिन्यांत. शिवाय विदर्भातला मे महिना म्हणजे ४५ अंशांच्या आसपासचे ऊन. त्यात पुष्कळ किडे मरतात, आणि हाती येईल ते मरण्याआधी तोडून घ्यावे असे कोणालाही वाटेल. म्हणून पिल्ले निघण्याआधीच डहाळ्या छाटल्या जातात. या कच्च्या पिकाला अरी लाख म्हणतात. अरी लाख विकली जाते, पण तिच्यातली पुढची पिढी तिच्यासोबतच संपते. जुलैत लावायला बीजलाख उरत नाही. गावातल्या सगळ्यांनीच अरी तोडली तर पुढच्या हंगामाचे बियाणे बाहेरून आणावे लागते, आणि ते मिळाले नाही तर झाडे रिकामी राहतात.

फुंकी असो वा अरी, दोन्ही कुटून धुतात, वितळवतात आणि तिची बांगडी करतात. रिकाम्या घरापासून केलेली बांगडी आणि न जन्मलेल्या पिढीपासून केलेली बांगडी हातात घेतल्यावर सारखीच दिसते. दोघींवरही 'नैसर्गिक' अशी चिठ्ठी लावता येते, आणि दोन्ही चिठ्ठ्या खऱ्या असतात. म्हणूनच त्या चिठ्ठीला अर्थ नाही.

येथे दोष कोणाचा? अरी तोडणाऱ्या शेतकऱ्याकडे बोट दाखवणे सोपे आहे, पण ते न्याय्य नाही. बाजार त्याला वजनाचे पैसे देतो. डहाळीवर राखलेल्या बियाण्याचे पैसे त्याला कोणी देत नाही. 'नैसर्गिक' म्हणून जास्त किंमत मोजणारे शहरी गिऱ्हाईकही डहाळीवर काय राहिले हे विचारत नाही. विचारले असते आणि त्यासाठी पैसे मोजले असते, तर जुलैपर्यंत थांबणे शेतकऱ्याला परवडले असते.

बांगडीकडे कला म्हणून पाहताना

लाखेचा मुख्य भाग म्हणजे आम्लांच्या रेणूंची एकमेकांशी झालेली जोडणी. त्यांतले अल्युरिटिक आम्ल महत्त्वाचे. निसर्गात तयार झालेले हे एक प्रकारचे पॉलिएस्टरच. ते उष्णतेने मऊ होते, दाबले की आकार घेते आणि निवले की कडक होते. पण फार वेळ तापवत राहिले तर रेणू आणखी जोडले जातात आणि मग ते वितळेनासे होते. लखेऱ्याच्या शेगडीवर आच मंद का असते, याचे रसायनशास्त्रातले उत्तर हे आहे. कारागीर लाखेत बेरजा आणि दगडाची भुकटी मिसळतो, मळतो, काडीवर चढवतो, वर रंगीत लाखेचा हात देतो, लाकडी हत्थ्याने दाबून पट्टी करतो आणि निमुळत्या लाकडावर तिला गोलाई देतो. दोन टोके आचेवरच जुळतात. सोन्याचांदीसारखे टाके द्यावे लागत नाहीत. मोडलेली बांगडी पुन्हा मऊ करून जोडता येते. दागिना दुरुस्त होणे हीही टिकाऊपणाची एक बाजू आहे, आणि तिला गुणपत्रिकेत जागा नाही.

लाल रंगाची गोष्ट जरा वेगळी आहे. किड्याच्या शरीरात लॅकेइक आम्ल नावाचे लाल रंगद्रव्य असते. कृत्रिम रंग येण्याआधी रेशीम आणि लोकर रंगवायला त्याला मोठी मागणी होती. हा रंग राळेत नसून किड्याच्या अंगात आणि अंड्यांत असतो. म्हणजे रंग जास्त हवा असेल तर पिल्ले निघण्याआधीच लाख तोडणे सोयीचे! पुढे एकोणिसाव्या शतकात कृत्रिम रंगांनी ही मागणी संपवली. आज लाख धुताना हा नैसर्गिक लाल रंग पाण्याबरोबर वाहून जातो आणि बांगडीला लाल करण्यासाठी वेगळा रंग घालावा लागतो. लाखेची लाल बांगडी म्हणजे लाखेचा लाल, अशी आपली समजूत असते; प्रत्यक्षात लाख किड्याची आणि लाल दुकानातला असतो.

यात फसवणूक नाही. आमची तक्रार इतकीच की आपण वस्तूचे कौतुक करतो, पण ती वाचत नाही. आरशांनी आणि चमकीने पूर्ण झाकलेली लाखेची बांगडी लाखेची असली काय आणि नसली काय, पाहणाऱ्याला सारखीच. दाबल्याच्या खुणा, जोडाची जागा, लाखेचा मूळचा तांबूस पिवळा रंग जिच्यात दिसतो, ती बांगडी आम्हांला अधिक चांगली वाटते. तिच्यात पदार्थाचा गुणधर्म आणि कारागिराचा हात दोन्ही वाचता येतात.

नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी?

टेबलावरची आणखी एक वस्तू थोडक्यात, पण गंभीरपणे पाहिली पाहिजे. गुंजांच्या माळा. लाल अंगावर काळा ठिपका असलेले हे बी कोणालाही मोहवते. सोनारांची रत्ती याच बियांवरून आली. तिचे वजन सुमारे ०.१२ ग्रॅम. परंतु गुंजेत ॲब्रिन हे अत्यंत विषारी प्रथिन असते. ते पेशीतल्या रायबोसोमवर हल्ला करते आणि पेशीत प्रथिने तयार होणेच थांबते. अखंड बियांचे कवच इतके कठीण असते की गिळलेले बी पुष्कळदा तसेच बाहेर पडते. पण ओवण्यासाठी त्याला भोक पाडले की कवचाचे संरक्षण जाते, आणि भोक पाडताना उडणारी भुकटीही धोक्याची असते. म्हणजे रानातल्या गुंजेपेक्षा माळेतली गुंज जास्त घातक.

ही केवळ पुस्तकी भीती नव्हे. डिसेंबर २०११ मध्ये इंग्लंडमधील कॉर्नवॉलच्या ईडन प्रोजेक्ट या वनस्पतींच्या प्रसिद्ध केंद्राला, पेरू देशात बनवलेली अशाच बियांची सुमारे २,८०० मनगटी कडी ग्राहकांकडून परत मागवावी लागली. वनस्पती हाच ज्यांचा विषय, त्यांच्याही दुकानात ती विकली गेली होती. 'नैसर्गिक' या शब्दाने किती सहज गाफील व्हायला होते, याचे हे उदाहरण. शाळेत गुंजेला भोक पाडण्याचे काम कोणत्याही वर्गाला देऊ नये. काजऱ्याच्या, म्हणजे कुचल्याच्या बियांनाही हाच नियम लावावा.

'हातच लावू नका' हेही उत्तर नव्हे

हे सगळे वाचून एखादे शिक्षक म्हणतील, मग निसर्गातले काही घेऊच नये हे बरे. हा निष्कर्षही आम्हांला मान्य नाही. धुऱ्यावरचा पळस कशामुळे उभा राहतो? त्याचा काही उपयोग असतो म्हणून. लाख देणारे झाड शेतकरी सहसा तोडत नाही. लाखेची मागणी गेली की पळसाला उरते ती सरपणाची किंमत. आणि ही मागणी जाऊ शकते. ७८ फेऱ्यांच्या ग्रामोफोन तबकड्या प्रामुख्याने लाखेच्या होत. १९४८ नंतर विनाइलच्या तबकड्या आल्या आणि लाखेचे एक मोठे गिऱ्हाईक संपले.

लाखेच्या शेतीचे शास्त्र आपल्या देशात अभ्यासले गेलेले आहे. लिंडसे आणि हार्लो यांच्या १९२१ च्या अहवालानंतर २० सप्टेंबर १९२४ रोजी रांचीजवळ नामकुम येथे लाखेच्या संशोधनाची संस्था सुरू झाली. २००७ मध्ये ती नैसर्गिक राळ व डिंक यांची संस्था झाली आणि २०२२ पासून तिचे नाव राष्ट्रीय दुय्यम कृषी संस्था असे आहे. झाडाची छाटणी कधी करावी, एका पिकानंतर झाडाला विश्रांती किती द्यावी, झाडांचे गट पाडून आळीपाळीने लाख कशी घ्यावी, हे तेथे प्रयोगांनी ठरवले गेले. म्हणजे शाश्वत गोळा करणे ही भावना नाही. ती मोजमाप करून करायची गोष्ट आहे. सगळे ओरबाडणे आणि काहीच न घेणे, या दोन्हींत मोजावे लागत नाही. म्हणून दोन्ही सोपी वाटतात.

वर्गात काय करता येईल

टीका करून थांबणे बरे नव्हे. पुढील कामे बपेऱ्यासारख्या गावातल्या शाळेला सहज जमतील.

पहिले, झाडाची वही. शाळेजवळचा लाख लागलेला एखादा पळस किंवा बोर निवडावा. लाख नसेल तर शेंगा किंवा बिया देणारे कोणतेही झाड चालेल. पानावर तीन रकाने : किती होते, किती घेतले, किती उरले. महिन्यातून एकदा नोंद करावी आणि पुढच्या वर्षी त्याच झाडाशी पुन्हा जावे. एका वर्षाची वही निष्कर्षाला पुरणार नाही, पण पुढच्या तुकडीला ती वारशाने देता येते. पाच तुकड्यांनंतर शाळेकडे स्वतःची खरी आकडेवारी असेल.

दुसरे, बांगडीचे पृथक्करण. लाखेच्या मोडक्या बांगडीचा तुकडा वजन करून काचेच्या झाकणाच्या बाटलीत स्पिरिटमध्ये एकदोन दिवस ठेवावा. राळ विरघळते आणि दगडाची भुकटी तळाशी बसते. ती गाळून, वाळवून तोलली की बांगडीत भर किती होती ते निघते. बेरजाही स्पिरिटमध्ये विरघळतो, म्हणून विरघळलेला सगळा भाग लाखच असे मानू नये. ॲक्रिलिकची बांगडी मात्र अशी विरघळत नाही. स्पिरिट ज्वालाग्राही आणि विषारी असते. हे काम शिक्षकांनी स्वतः, जवळपास आच नसताना करावे.

तिसरे, डहाळीवरच्या कच्च्या लाखेचे चार दाणे कुटून पाण्यात भिजवावेत. लाल पाणी मिळते. त्याच्या एका भागात लिंबाचा रस आणि दुसऱ्यात धुण्याचा सोडा टाकावा. आम्लात ते नारिंगीकडे झुकते, अल्कलीत जांभळे होते. हळद आणि जास्वंद यांच्या जोडीला आणखी एक दर्शक आपल्या धुऱ्यावरच सापडतो.

चौथे काम प्रदर्शनाच्या परीक्षकांसाठी आहे. 'नैसर्गिक साहित्य' हा रकाना गुणपत्रिकेतून काढून टाकावा. त्या जागी चार प्रश्न लिहावेत. वस्तू सजीवाच्या कोणत्या भागापासून केली? तो भाग भरून यायला किती काळ लागतो? किती घेतले आणि किती राखले? हाताळणाऱ्याला त्यापासून काही धोका आहे काय? वस्तूशेजारी मुलांनी स्वतः लिहिलेले एक कार्ड असावे आणि त्यात या प्रश्नांची उत्तरे असावीत. कार्ड कोरे असेल तर वस्तू कितीही देखणी असो, या रकान्याचे गुण देऊ नयेत. आणि उत्तर प्रामाणिकपणे 'सगळे घेतले' असे असेल, तर गुण कमी झाले तरी त्या मुलाशी बोलावे. कारण त्याने मोजले तरी आहे.

'कोठेही गेले तरी पळसाला पाने तीनच' असे आपण म्हणतो. ही म्हण ज्याने केली त्याने पाने मोजली होती. आपल्या मुलांनीही तेवढे करावे आणि त्याच पळसाच्या डहाळीवर पुढच्या हंगामासाठी किती ठेवले तेही मोजावे. मग त्यांनी केलेल्या दागिन्याला 'निसर्गातून अलंकार' हे नाव निःशंक द्यावे.